छंदाला श्रेयांक नकोत, संध्याकाळ हवी

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमाची मांडणी बदलली. स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत त्यानंतरच्या वर्षापासून विषयांच्या जोडीला सहअभ्यासक्रमालाही श्रेयांक मिळू लागले. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, खेळ, योग, नाटक, संगीत हे सगळे आता गुणपत्रिकेत येऊ शकते. यामागचा हेतू चांगला आहे. अभ्यास आणि अभ्यासेतर अशी भिंत असू नये, असे धोरणातच म्हटले आहे आणि ते योग्यच आहे. पण ती भिंत पाडण्यासाठी विद्यार्थ्याचा छंद गुणपत्रिकेत ओढून आणावा का, हा वेगळा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. महाविद्यालयीन छंदाचे सगळे मोल तो कुणी मोजत नाही यात आहे. मोजायला घेतले की त्यातली शिकवणारी गोष्टच हातून निसटते.

पुण्याचे उदाहरण घेऊ, कारण तिथे आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धेला साठ वर्षांचा इतिहास आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 मध्ये पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात ती होते आणि ‘आव्वाज कुणाचा’ ही आरोळी तिथे दरवर्षी घुमते. स्पर्धेचा भर नेपथ्याच्या थाटावर नाही, लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या त्या दिवसांसाठी मुले आधीचे कित्येक आठवडे एकांकिका ‘बसवत’ असतात. संहिता पुन्हा पुन्हा लिहिली जाते, कुणी प्रॉपर्टी जमवते, कुणी पार्श्वसंगीताचे तुकडे शोधते, कुणी फक्त प्रॉम्प्टिंग करते. दिवसभर वर्ग आणि प्रॅक्टिकल, संध्याकाळी तालीम, रात्री उशिरा मेसचे गार झालेले जेवण आणि मध्यरात्री उरलेली जर्नल्स, असा तो दिनक्रम असतो. रोज तीन तास आणि सहा आठवडे धरले तरी सव्वाशे तास होतात. प्रात्यक्षिकाच्या तीस तासांना एक श्रेयांक हा हिशेब लावला तर एका एकांकिकेत चार श्रेयांकांचे काम आहे. मग ते दिले तर बिघडले कुठे?

बिघडते ते असे. श्रेयांक द्यायचा तर नोंद हवी, नोंदीसाठी हजेरी हवी, हजेरीमागे अहवाल, छायाचित्रे आणि मूल्यमापनाचा तक्ता हवा. प्रमुख भूमिका करणाऱ्याला किती आणि पडद्यामागे दोरी धरून उभ्या राहिलेल्या मुलीला किती, हे कुणीतरी ठरवायला हवे. आजच्या तालमीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे प्रॉम्प्टर आणि नायक एकाच कटिंगचे दोन भाग करतात, कारण दोघांनाही प्रयोग उभा राहायला हवा असतो. सव्वाशे तास द्यावे लागतात हे कुणी सांगितलेले नसते. काम मागते तेवढा वेळ दिला जातो. इतर सगळा अभ्यासक्रम तालमीला येणाऱ्या मुलाला नेमके उलटे शिकवत असतो. किती धडे परीक्षेला आहेत, किती टक्के हजेरी पुरते, एटीकेटीत किती विषय चालतात हेच तो तिथे विचारत असतो. काम पुरते झाले की नाही हे स्वतःच्या कामाकडे बघून ठरवायची सवय त्याला चार-सहा वर्षांत फक्त या संध्याकाळीच लागते.

ही केवळ भावना नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला आणि तो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवरच केलेला होता. त्यांना सोमा नावाचे ठोकळ्यांचे कोडे सोडवायला दिले. एका गटाला मधल्या सत्रात सोडवलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, दुसऱ्या गटाला काहीच दिले नाही. नंतर पैसे बंद केले आणि मोकळ्या वेळात कोण किती वेळ कोड्याशी खेळतो ते पाहिले. पैसे मिळालेल्या गटाचा रस आधीपेक्षा ओसरला होता. पुढे 1973 मध्ये चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग झाला. प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून ज्यांच्याकडून चित्रे काढून घेतली, ती मुले नंतर रंगांकडे कमी वळली. आपण हे बक्षिसासाठी करतो, असे मनाने एकदा ठरवले की बक्षिसाशिवाय ते करण्याचे कारण उरत नाही. या निष्कर्षांवर नंतर बराच वाद झाला. बक्षीस नेहमीच घातक नसते, असे दाखवणारेही अभ्यास आले, हेही सांगायला हवे. पण त्या वादातूनच एक उपयोगी भेद पुढे आला. कामाबद्दल मनापासून मिळालेली दाद उत्साह वाढवते. अमुक केलेस तर अमुक मिळेल हा सौदा मात्र मुळात आवडीने होणाऱ्या कामातला रस कमी करतो.

इथे कुणीही रास्तपणे विचारेल की करंडक हेही बक्षीसच आहे, मग ते कसे चालते? वरचा भेद इथे लागू होतो. करंडक ही दाद आहे आणि दाद रोखूनही धरता येते. 2022 मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी तेच केले. अंतिम फेरीतली एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची नाही असे ठरवून त्यांनी तो कुणालाच दिला नाही. त्यावर खूप चर्चा झाली, मुलांना ते लागलेही. पण त्या निर्णयाने नाटकाचा दर्जा नावाची एक गोष्ट असते आणि ती स्पर्धकांच्या संख्येवर ठरत नाही, हे सर्वांसमोर मांडले गेले. विद्यापीठाला असे करता येत नाही. हजेरी भरली, अहवाल दिला, तर श्रेयांक द्यावाच लागतो. सत्रातल्या सगळ्या विद्यार्थ्यांचे श्रेयांक यंदा दर्जा नाही म्हणून रोखून धरले, असे होऊ शकत नाही आणि होऊही नये. म्हणजे श्रेयांकात सौदा येतो आणि दर्जाचा धाक मात्र येत नाही. छंदासाठी याहून वाईट जोडणी नाही.

छंदाच्या बाजूने बोलताना मोठी नावे पुढे करायचा मोह होतो. डॉ. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे हे तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर होताहोता नाटकाला लागले. 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शन पटेलांनी केले आणि आगाशे त्यात नाना फडणवीस झाले. लिनस टॉरवल्ड्स यांनी 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनक्सची पहिली वार्ता दिली, तीही हा केवळ छंद आहे, असे सांगूनच. ही नावे खरी आहेत, पण माझा युक्तिवाद त्यांच्यावर उभा नाही. तालमीला आलेल्या शंभरातली बहुतेक मुले पुढे बँकेत, शाळेत, सॉफ्टवेअर कंपनीत जातात आणि पुन्हा रंगमंचावर पाय ठेवत नाहीत. गिर्यारोहण करणारी, कॅमेरा घेऊन पाखरांमागे जाणारी, कविता लिहिणारी मुलेही तशीच. छंदाचे समर्थन करायचे तर या मुलांसाठी करायला हवे. कुणी यशस्वी झाले म्हणून छंद योग्य ठरतो असे मानले, तर आपण पुन्हा गुणपत्रिकेकडेच परत येतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप अजून उरला आहे. छंद ही सुखवस्तू घरातल्या मुलांची गोष्ट आहे, असे म्हणतात. मराठवाड्यातल्या गावातून येऊन कॉट बेसिसवर राहणारा, कमवा आणि शिका योजनेत तास भरणारा, उरलेला वेळ अभ्यासिकेत बसणारा मुलगा तालमीला कसा जाणार? त्याला घरी सांगायला काही कारण लागते आणि श्रेयांक हे तसे कारण आहे. आता हेही अभ्यासातच आहे, असे तो वडिलांना सांगू शकेल. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. पण श्रेयांकाने त्याला परवानगी मिळेल, वेळ मिळणार नाही. कामाचे तास तेच, शेवटची बस तीच, मेस बंद होण्याची वेळ तीच. मुलींच्या बाबतीत तर अडचण आणखी उघड आहे. वसतिगृहाचे दार रात्री लवकर बंद होते, म्हणून कितीतरी मुली तालमीतून अर्ध्यात उठतात किंवा संघात येतच नाहीत. त्यांच्या गुणपत्रिकेवर दोन श्रेयांक वाढवल्याने ते दार अर्धा तासही उशिरा लागत नाही. उलट, छंद सक्तीचा झाला की ज्याच्याकडे वेळ नाही त्याच्यावर आणखी एक सबमिशन येते. तो सोपा उपक्रम निवडेल, सही घेईल आणि मोकळा होईल.

राष्ट्रीय सेवा योजनेला मी या तक्रारीतून वगळतो. 1969 पासून चालत आलेल्या त्या योजनेत दोन वर्षांत दोनशे चाळीस तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर असते. ती समाजाप्रती असलेली जबाबदारी आहे आणि जबाबदारीची नोंद ठेवणे गैर नाही. नाटक, गाणे, भटकंती ही जबाबदारी नाही. ती आवड आहे, आणि आवडीचा स्वभाव वेगळा असतो.

महाविद्यालयांना खरोखर काही करायचे असेल तर ते फार खर्चाचे नाही. एक खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी, तिथे दिवे-पंखे असावेत आणि तिची चावी विद्यार्थ्यांच्या हाती असावी. तालमीला गेलेल्या मुलींसाठी वसतिगृहाने वेळ वाढवून द्यावी आणि त्यांना सोडायला वाहन ठेवावे. कमवा आणि शिका योजनेतल्या मुलांना स्पर्धेच्या आठवड्यांत कामाचे तास पुढे-मागे करू द्यावेत. अंतर्गत परीक्षांचे वेळापत्रक आखताना स्पर्धांच्या तारखा समोर ठेवाव्यात. एवढे केल्यावर आत काय चालले आहे त्याचा अहवाल मागू नये. प्राचार्यांनी आणि प्राध्यापकांनी जमले तर प्रयोगाला यावे, मागच्या रांगेत बसून तो पाहावा आणि आवडला तर आवडला, नाही तर नाही, असे मुलांना तोंडावर सांगावे.