तो लाल ठिपका कोणाचा?

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, ही या विषयाची पहिलीच अडचण. तेव्हा श्रोत्यांनी, आणि आता वाचकांनीही, काचेची एक पट्टी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यावर रक्ताचा थेंब पसरून वाळवलेला आहे आणि तो रंगवलेला आहे. हिवतापाच्या तपासणीत आपल्याकडे वर्षानुवर्षं जे. एस. बी. नावाचा रंग वापरला गेला. जसवंतसिंग आणि भट्टाचारजी या दोन भारतीय शास्त्रज्ञांच्या नावांची ती आद्याक्षरं. या रंगात परजीवीचं अंग निळं दिसतं आणि त्याचं केंद्रक लाल.

नागपुरात एका प्रयोगशाळेत मी नवा नवा लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. भामरागडकडचा पंधराएक वर्षांचा मुलगा, सोबत त्याचा मामा. पोराला एक दिवसाआड हुडहुडी भरत होती. मी तीसेक क्षेत्रं पाहिली, काही दिसलं नाही, आणि ‘हिवतापाचे जंतू आढळले नाहीत’ असं लिहून मोकळा झालो. नियम शंभर क्षेत्रं पाहण्याचा आहे. पण बाहेर रांग होती आणि जेवणाची वेळ झाली होती. आमच्या वरिष्ठांनी तीच पट्टी पुन्हा लावली आणि मुकाट्यानं पाहत बसले. बऱ्याच वेळानं मला हाक मारली.

‘‘काय रे, तांबड्या पेशीला केंद्रक असतं का?’’

‘‘नाही सर.’’

‘‘मग हा ठिपका कोणाचा?’’

निळी, अंगठीसारखी नाजूक कडी आणि खड्याच्या जागी लाल ठिपका. संध्याकाळच्या आत औषध सुरू झालं आणि पोरगा वाचला. सर रागावले नाहीत. रागावले असते तर मी विसरलोही असतो. तो प्रश्न मात्र माझ्यामागे लागला तो लागलाच.

आपली तांबडी पेशी हाडांच्या मगजात तयार होताना स्वतःचं केंद्रक बाहेर टाकून देते. प्राणवायू वाहण्यासाठी आत तेवढी जागा मोकळी होते. म्हणून रक्तात फिरणाऱ्या तांबड्या पेशीत केंद्रक दिसलं, तर आत कोणी बिनबोलावता पाहुणा आहे, असं समजावं. हा पाहुणा म्हणजे प्लास्मोडियम, अवघ्या एका पेशीचा जीव. लॅव्हेरान या फ्रेंच डॉक्टरनं १८८० मध्ये तो अल्जीरियात प्रथम पाहिला. तो डासाच्या शरीरातही वाढतो, हे रोनाल्ड रॉसनं १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखवलं.

आता त्या ठिपक्याच्या आत जाऊ. केंद्रक म्हणजे पेशीचं दप्तर. सगळ्या नोंदी डीएनएच्या रूपात तिथं ठेवलेल्या असतात. दप्तराभोवती दुहेरी पडदा असतो. पण पडदा बंदच राहिला तर नोंदींचा उपयोग काय? त्यांच्या नकला बाहेर जायला हव्यात आणि काम करणारी प्रथिनं आत यायला हवीत. त्यासाठी पडद्याला दारं असतात, त्यांना केंद्रकरंध्रं म्हणतात. कॅलन आणि टॉमलिन यांनी १९५० मध्ये उभयचर प्राण्यांच्या अंडपेशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं ती पाहिली. आपल्या पेशीतलं एक रंध्र सुमारे १२० नॅनोमीटर रुंद असतं, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशी आठ हजारांवर दारं ओळीनं मावतील. तरी त्याला भोक म्हणणं अन्यायाचं होईल. सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांच्या शेकडो प्रती जुळून ते उभं राहतं. मधल्या वाटेत प्रथिनांच्या लोंबत्या तारांची जाळी असते. लहान रेणू त्यातून सहज निसटतात, मोठ्यांना वाहक प्रथिनाचा हात धरावा लागतो. महालातल्या गांधी गेटमधून पायी माणूस सहज जातो, भरलेल्या ट्रकला मात्र कोणीतरी वाट करून द्यावी लागते, तसंच काहीसं. आणि रहदारी केवढी, तर एकेका रंध्रातून सेकंदाला हजारभर रेणू जाऊ शकतात.

आपल्या एका केंद्रकाला अशी हजारो दारं असतात. हिवतापाच्या जंतूला किती असावीत? फाल्सिपेरम या घातक जातीवरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अंगठीच्या अवस्थेत, म्हणजे माझ्या नजरेतून निसटलेल्या अवस्थेत, त्यात फक्त तीन ते सात रंध्रं आढळली, तीही एका बाजूला दाटीनं. पुढं जंतू तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खात फुगू लागतो. तेव्हा नकलांची मागणी वाढते आणि रंध्रं बारा ते अठ्ठावन्नपर्यंत जाऊन केंद्रकभर पसरतात. मग विभाजन. आपली पेशी दुभंगताना केंद्रकाचा पडदा मोडते आणि पुन्हा उभारते. हा जंतू पडदा न मोडता आतल्या आत वाटण्या करतो, आणि शेवटी प्रत्येक नव्या केंद्रकाच्या वाट्याला दोन ते सहाच दारं येतात. सुमारे ४८ तासांनी तांबडी पेशी फुटते, पिलावळ बाहेर पडते आणि ताप चढतो. आपल्या म्हाताऱ्या माणसांचा ‘एकांतरा’ तो हाच.

या मोजक्या दारांतूनच जंतूच्या लबाडीचा हुकूमही बाहेर पडतो. जंतूकडे सुमारे साठ ‘व्हार’ जनुकं असतात. एका वेळी त्यातलं एकच बोलतं, बाकीची केंद्रकाच्या कडेला गप्प बसवलेली असतात. त्या एका जनुकाचं प्रथिन तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते. मेंदूत असं घडलं तर रोगी बेशुद्ध होतो. आपलं शरीर ते प्रथिन ओळखू लागतं न लागतं तोच जंतूंमध्ये दुसरं जनुक बोलू लागतं. म्हणूनच एटापल्ली-भामरागडच्या गावांत एकाच माणसाला पुन्हा पुन्हा हिवताप होतो.

सगळेच एकपेशीय असे कपटी नसतात. तणसाच्या पाण्यात सापडणाऱ्या पॅरामेशियमचा भाऊबंद टेट्राहायमेना घ्या. त्याला केंद्रकं दोन असतात. मोठं रोजच्या कामाचं, लहान पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेलं. एकाच पेशीतल्या या दोन दप्तरांच्या दारांत एक प्रथिन वेगवेगळ्या घडणीचं असतं, असं जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. त्यांची अदलाबदल केली तेव्हा एका केंद्रकात जाणाऱ्या प्रथिनांची वाट बिघडली. कोण कुठल्या दप्तरात जाणार, हे ठरवण्यात दाराचाही वाटा असतो तर!

हिवतापाच्या जंतूच्या रंध्रांतली प्रथिनं आपल्याहून बरीच वेगळी आहेत. त्यामुळे संशोधकांना आशा वाटते. पण या दारांवर बेतलेलं औषध अजून आलेलं नाही. आज गडचिरोलीच्या पाड्यांवर आशाताई बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि तपासणीच्या पट्टीवर थोड्याच वेळात रेघ उमटते. ती चाचणी ठिपका पाहत नाही, जंतूची प्रथिनं पकडते. पण औषध लागू पडतंय का, शंभरातल्या किती पेशींत अजून ठिपके शिल्लक आहेत, हे मोजायला काचपट्टीच लावावी लागते आणि शंभर क्षेत्रांचा नियम तिथं अजूनही आहे.