बांधावरून नको, सरीत बसून फोटो काढा

पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचे मोठे प्रदर्शन भरते. आपल्यापैकी रोपवाटिका आणि फूलशेती करणारे पुष्कळ जण तिथे जात असतील. एका वर्षी मी गेलो असताना डेलियाच्या ताटव्यापाशी फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली होती. जो तो उभ्या उभ्या हात लांब करून वरून फोटो घेत होता. शंभर जणांनी काढले असतील, पण फोटो एकच. तेवढ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी खाली बसली आणि आईचा फोन तिने फुलाच्या पाठीमागे धरला. आजोबा म्हणाले, "अगं ऊठ, कपडे मळतील." ती म्हणाली, "आजोबा, मागनं किती मुंग्या चढल्यात बघा. वरनं दिसतच नाहीत."

आजोबा हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण असाच वरून काढलेला एक फोटो माझ्या मनात रुतून बसला आहे.

एका फोटोची चूक

गोष्ट २०१९ च्या खरिपातली. आमच्या भागातल्या एका अण्णांनी मक्याचा फोटो मोबाईलवर पाठवला. बांधावर उभे राहून काढलेला. हिरवागार मका आणि काही पानांना भोके. फोन करून त्यांनी विचारले, "साहेब, काय मारू?" मी घाईत होतो. पानांची भोके पाहिली आणि खोडकिडा समजून सल्ला देऊन मोकळा झालो. दहा दिवसांनी शेतावर गेलो, पोंगा उघडून पाहिला तर आत लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा आणि मधोमध अळी. डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटे लिहावे तशी फिकट खूण, शेपटाकडे चार काळे ठिपके चौकोनात. अमेरिकन लष्करी अळी! ही कीड आपल्या देशात पहिल्यांदा २०१८ साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी आपल्या राज्यातही आली. ती एकदा पोंग्यात शिरली की वरवर मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. अण्णांची फवारणी वाया गेली होती.

अण्णा एवढेच म्हणाले, "साहेब, फोटो बघूनच सांगितलंत ना तुम्ही?"

चूक अण्णांची नव्हती. आणखी दोन फोटो मागून घ्यायचे काम माझे होते. पण त्या दिवसापासून मी एक गोष्ट सांगत सुटलो आहे. मोबाईल आता घरोघरी आला. पिकाचा फोटो काढून सल्ला विचारायचा, नोंद करायची, नुकसान दाखवायचे हे रोजचे झाले. मग फोटो कसा काढायचा हे औताची खोली धरण्याइतकेच नीट शिकले पाहिजे. त्याला भारी कॅमेरा लागत नाही. आपली उभे राहायची जागा बदलावी लागते.

फाळक्यांचा वाटाणा

फोटोतला नवा कोन म्हणजे शहरी लोकांची हौस, असे आपल्याला वाटते. पण आपल्या मराठी मुलखात या विद्येतला एक मोठा धडा साध्या वाटाण्याच्या रोपावर गिरवला गेला आहे.

दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७०. चित्रपट काढण्याआधी त्यांनी फोटोग्राफीचा धंदा केला, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या लोणावळ्यात छापखाना चालवला. १९१२ साली त्यांनी लंडनला जाऊन चित्रपटाचा कॅमेरा खरेदी केला. पण चित्रपटाला पैसे कोण देणार? लोकांना खात्री पटेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा कुंडीसमोर एका जागी पक्का बसवला आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक वेळाने एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग दाखवली तेव्हा बी फुटून अंकुर वर येतो, पाने उघडतात, वेल चढतो हे सगळे मिनिटभरात डोळ्यांपुढे घडू लागले. या छोट्या पटाचे नाव 'अंकुराची वाढ'. तो पाहून कर्ज देणारे पुढे आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

आता यात विशेष काय? वाटाणा उगवताना शेतकऱ्याने आयुष्यभर पाहिलेला असतो. पण रोज पाहतो म्हणूनच ती वाढ डोळ्यांत भरत नाही. फाळक्यांनी रोप हलवले नाही, कॅमेरा हलवला नाही. जागा एक ठेवली आणि वेळ बदलू दिली, तोच त्यांचा नवा कोन. फाळक्यांच्या चित्रपटांपैकी जेवढा भाग शिल्लक राहिला, तो पुण्यात फेब्रुवारी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे.

म्हणजे नवा कोन दोन तऱ्हेने सापडतो. त्या मुलीसारखी जागा बदलून, नाहीतर फाळक्यांसारखी जागा धरून ठेवून. आपल्याला दोन्ही हवेत.

जागा कशी बदलावी?

एक शब्द घ्या, 'केवडा'. उसावर केवडा पडला म्हणतो तेव्हा बहुधा लोहाची कमतरता असते. द्राक्षावरचा केवडा म्हणजे बुरशी. भेंडीवरचा केवडा हा पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणू. नाव एक, दुखणी तीन आणि उपायही तीन. भेंडीचे रोगट झाड तर कोणत्याही औषधाने बरे होत नाही, ते उपटावेच लागते. तेव्हा "साहेब, केवडा आलाय" एवढ्यावर आणि पिवळ्या पानाच्या एका फोटोवर सल्ला मागू नका आणि कोणी दिला तर घेऊ नका. पुढीलप्रमाणे चार-पाच फोटो काढा.

पहिला फोटो पूर्ण झाडाचा. सरीत खाली बसावे, फोन झाडाच्या निम्म्या उंचीवर धरावा. शेंड्यापासून बुडख्यापर्यंत झाड आले पाहिजे. कारण कोणते पान आधी पिवळे पडले यावर निदान ठरते. नत्र कमी पडले की खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह कमी पडले की शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. वरून काढलेल्या फोटोत खालचे पान दिसतच नाही.

दुसरा फोटो पानाच्या पाठीचा. पांढरी माशी, मावा, तुडतुडे, लाल कोळी ही सगळी मंडळी बहुधा पानाच्या मागे राहतात. द्राक्षाच्या केवड्यात वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि त्याच डागाखाली मागे पांढरी बुरशी असते. पान उलटल्याशिवाय खात्री होत नाही.

तिसरा फोटो उजेडाच्या विरुद्ध. पान न तोडता सूर्याच्या आड धरा आणि खालून फोटो घ्या. तेलकट डाग कागदावरच्या तेलाच्या थेंबासारखे उठून दिसतात. भुरीसाठी मात्र सकाळचा तिरपा उजेड बरा, त्यात पांढरी भुकटी स्पष्ट दिसते. भर दुपारी फोटो काढू नये, पाने चकाकतात आणि पिवळ्याचे पांढरे दिसते. काढावाच लागला तर पानावर स्वतःची सावली पाडा.

चौथा फोटो लपलेल्या जागेचा. मक्याचा पोंगा उघडून, कांद्याची पात बुडाशी फाकवून, ऊस किंवा भुईमूग सुकत असेल तर झाड मुळासकट उपटून. फुलकिडे पातीच्या बेचक्यात बसतात आणि हुमणी मुळाशी असते. वरून हजार फोटो काढले तरी दोन्ही सापडायची नाहीत. अळी मिळाली तर तिच्या डोक्याचा आणि शेपटाकडचा असे दोन वेगळे फोटो घ्या.

पाचवा फोटो पूर्ण शेताचा. दुखणे सगळीकडे सारखे आहे, की कडेला आहे, की मधे ठिगळासारखे आहे, हे कळायला हवे. हा मात्र उंचावरून काढावा. विहिरीचा कठडा टाळा, बैलगाडीवर किंवा ट्रॉलीवर उभे राहा.

काही बारीकसारीक गोष्टी. फोटोआधी कॅमेऱ्याची काच स्वच्छ फडक्याने पुसावी, घाम आणि धुळीने ती नेहमी माखलेली असते. डाग किंवा किडीशेजारी रुपयाचे नाणे, नाहीतर काडेपेटीतली काडी ठेवावी, म्हणजे आकार समजतो. फोन पानापासून वीतभर लांब धरावा आणि पडद्यावर हव्या त्या ठिकाणी बोट टेकवून चित्र स्थिर होऊ द्यावे. बोटांनी चित्र मोठे करत बसण्यापेक्षा आपणच जवळ जावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर बारकावे शाबूत राहतात. सोबत पीक, वाण, लागणीची तारीख आणि आधी काय फवारले ते लिहावे.

खुंटी ठोका, बाजारच्या दिवशी फोटो काढा

आता फाळक्यांचा धडा. शेताच्या एका कोपऱ्यात खुंटी ठोका. समोर पिकात एक बांबू रोवा आणि त्यावर फुटाफुटाला रंगाच्या खुणा करा. दर आठवडी बाजारच्या दिवशी सकाळी खुंटीपाशी उभे राहून त्याच दिशेने, त्याच उंचीवरून एक फोटो घ्यायचा. बाजारचा दिवस कोणी विसरत नाही, म्हणून फोटोही विसरणार नाही. सव्वाशे दिवसांच्या पिकाचे सतरा-अठरा फोटो होतात. खर्च खुंटीचा आणि बांबूचा.

हंगाम संपल्यावर घरी बसून ते एकापाठोपाठ एक बघा. कोणत्या आठवड्यात वाढ थांबली, खत दिल्यावर किती दिवसांनी फरक पडला, एखादा कोपरा सतत मागे का राहतो, हे तुमच्या ध्यानात येईल. तो कोपरा मागे राहतोय म्हणजे ठिबकची तोटी बंद आहे, पाणी तुंबते आहे किंवा खाली मुरूम आहे, हे मग जाऊन तपासता येते. पुढच्या वर्षी त्याच खुंटीवरून फोटो काढले की दोन वर्षांची तुलना हाती येते. घरातल्या शाळकरी पोरांना हे काम द्या, आवडीने करतील.

पंचनामा आणि पीक पाहणी

हीच सवय अडचणीच्या वेळी उपयोगी पडते. अतिवृष्टी झाली, गारपीट झाली की तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. गावे जास्त आणि माणसे थोडी असल्याने पथक येईपर्यंत पाणी ओसरलेले असते. म्हणून नुकसान झाल्याबरोबर, सुरक्षित असेल तेव्हा, चारही कोपऱ्यांतून फोटो घ्या. प्रत्येकात विहीर, विजेचा खांब, मोठे झाड अशी न हलणारी एखादी खूण आली पाहिजे, नाहीतर हे शेत कोणाचे असा प्रश्न उरतो. मग जवळून आडवे पडलेले पीक, पाण्याची पातळी, कुजलेले कांदे दाखवा. खुंटीवरचा आदल्या आठवड्याचा फोटो असेल तर आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी शेजारी ठेवता येते.

फोटो म्हणजे पंचनामा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. मदतीचे आणि विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, ते त्या त्या वेळी कृषी कार्यालयात विचारून घ्यावेत. फोन काढताना त्याचे लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फोटो पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवला की त्यातली तारीख-ठिकाणाची आतली नोंद निघून जाते.

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच शेतात उभे राहून, फोटोसह करायची अशी ही सोय आहे. पण पुष्कळ फोटोंत निम्मे आभाळ आणि निम्मा बांध असतो, पीक कोणते ते ओळखू येत नाही. पीक लहान असेल तर खाली बसा. आंतरपीक असेल तर दोन्ही पिकांच्या ओळी येतील असे उभे राहा.

आता दोन शब्द आम्हा गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी. आपणही गाडी रस्त्याला लावून बांधावरूनच फोटो काढतो. रस्त्याकडेची पट्टी बरी दिसते आणि नुकसान आत असते. पाच ठिकाणी आत शिरावे, बसावे, पान उलटावे. शेतकऱ्याने एकच फोटो पाठवला तर दुसरा मागावा. माझ्या चुकीतून मी एवढे शिकलो.

शेवटी, फोटो दोन ठिकाणी ठेवा. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या चित्रपटांच्या साठ्याला आग लागली आणि जपून ठेवलेली पुष्कळ रिळे जळून गेली. मग आपल्या खिशातल्या फोनचे काय घेऊन बसलात? तो विहिरीत पडू शकतो, बैलाच्या पायाखाली येऊ शकतो. महिन्यातून एकदा घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर फोटो उतरवून घ्या.

अण्णा अजूनही मका करतात. आता त्यांचे फोटो पाच येतात. गुडघे मातीने माखतात म्हणून कुरकुर करतात, पण पोंगा उघडल्याशिवाय फोन लावत नाहीत. तेव्हा मंडळी, उद्या सकाळी शेतात गेलात की आधी खाली बसा, एक पान उलटा आणि मग फोटो काढा.