कवळीवरील शर्करा आणि तिचे शोधन

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात दंतशर्करेचे वर्णन आले आहे. दातांवरील मल साखरेच्या कणांप्रमाणे खरखरीत व स्थिर होणे, हे तिचे लक्षण. दात गेले की हा विषय संपला, असे आपण गृहीत धरतो. तो संपत नाही.

माझ्याकडे एक वृद्ध रुग्णा टाळूच्या दाहाची तक्रार घेऊन आल्या. मुखपाक समजून त्रिफळा क्वाथाचे गंडूष व पित्तशामक औषधे तीन आठवडे दिली, लाली हटेना. अखेर कवळी काढावयास सांगितली, तेव्हा दाढांच्या बाहेरील अंगास पिवळट कठीण थर आणि टाळूकडे बुळबुळीत पापुद्रा आढळला. बाई रात्रीही कवळी काढीत नसत. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता.

हा थर प्रामुख्याने लाळेतील कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. म्हणून लालाग्रंथींची मुखे जेथे उघडतात तेथे, म्हणजे वरच्या दाढांच्या गालाकडील व खालच्या पुढील दातांच्या जिभेकडील बाजूस, तो अधिक साचतो. खरखरीत पृष्ठावर बुरशीला आश्रय मिळतो.

आपला हात सहज क्षाराकडे वळतो. परंतु खाण्याच्या सोड्याने पापुद्रा सुटला तरी हा थर विरघळत नाही. त्यास अम्लच हवे. पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन त्यात कवळी अर्धा तास बुडवावी, मऊ ब्रशने घासावी व भरपूर पाण्याने धुवावी. कवळीस धातूची जोड किंवा मऊ अस्तर असल्यास मात्र हा प्रयोग करू नये. अम्लाने धातू गंजू शकतो. उकळत्या पाण्याने अॅक्रिलिक वाकते आणि कवळी हिरडीवर बसेनाशी होते. सुरीने खरवडणे तर सर्वथा वर्ज्य. जुना, दगडासारखा थर दंतवैद्याकडूनच काढून घ्यावा.

गैरिक, सैंधव वा कोळसा असलेली दंतमंजने नैसर्गिक दातांसाठी आहेत. अॅक्रिलिकवर त्यांनी ओरखडे उठतात व त्यांतच नवा थर धरतो. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी वयस्कर ग्राहकास मंजन देताना ‘कवळीसाठी हवे आहे का?’ एवढे अवश्य विचारावे.

त्या रुग्णेने रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवण्यास आरंभ केला. गंडूष तेच होते. लाली पंधरा दिवसांत ओसरली.