एआय एजंटसाठी साधनांचे वर्णन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रश्नाचे उत्तर लिहून न थांबता दिलेले काम पुरे करण्यासाठी बाहेरच्या संगणक-प्रणालींचा टप्प्याटप्प्याने उपयोग करणाऱ्या भाषिक मॉडेलला 'एआय एजंट' म्हणतात, आणि माहिती शोधणे, नोंद करणे, निरोप पाठवणे यांसारखे एकेक ठरावीक काम करणारे जे छोटे प्रोग्राम त्याच्या हाती दिले जातात त्यांना 'साधन' किंवा 'टूल' म्हणतात. जून २०२३ मध्ये ओपनएआयने 'फंक्शन कॉलिंग' ही सोय विकसकांसाठी खुली केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हे खुले मानक मांडले; तेव्हापासून साधनाची ओळख मुख्यतः तीन गोष्टींनी करून देण्याची रीत रूढ झाली आहे: नाव, साध्या भाषेतील वर्णन आणि प्राचले, म्हणजे साधन चालवताना पुरवावयाच्या माहितीचे रकाने. यांपैकी वर्णनाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि त्यामागे पुढील गैरसमज असतात.

गैरसमज १: साधन मॉडेल स्वतःच चालवते, म्हणून ते कसे चालते हे त्याला कळतेच.

वस्तुस्थिती: मॉडेल साधन चालवत नाही. कोणते साधन हवे आणि प्राचलांत काय भरावे एवढेच ते ठरावीक साच्यात लिहून देते. प्रत्यक्ष काम भोवतालचा प्रोग्राम करतो आणि निकाल मॉडेलपुढे ठेवतो. साधनाचा आतला कोड, तो लिहिताना गृहीत धरलेले नियम किंवा विकसकांची आपसांतील बोलणी यांपैकी काहीही सामान्यतः मॉडेलला दिसत नाही, त्यामुळे जे वर्णनात नाही ते त्याला अंदाजाने भरून काढावे लागते.

गैरसमज २: नाव बोलके असले की एका ओळीचे वर्णन पुरते.

वस्तुस्थिती: एखाद्या ग्रंथालयाच्या एजंटला 'मुदतवाढ' नावाचे साधन दिले आहे आणि त्याचे वर्णन 'पुस्तकाची मुदत वाढवते' एवढेच आहे, असे समजू. सदस्यत्वाची मुदत संपलेल्या वाचकासाठी हेच साधन वापरावे काय, पुस्तक दाखल क्रमांकाने ओळखावयाचे की वर्गांकाने, दुसऱ्या कोणी त्याच पुस्तकाची मागणी नोंदवली असल्यास काय होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नाही. तेच वर्णन असे लिहिता येते: 'सदस्याने आधीच घरी नेलेल्या पुस्तकाच्या परतीची तारीख सात दिवसांनी पुढे नेते. नवे पुस्तक देण्यासाठी किंवा सदस्यत्वाच्या नूतनीकरणासाठी वापरू नये. पुस्तकाचा दाखल क्रमांक द्यावा. वर्गांक चालत नाही, कारण एकाच वर्गांकाच्या अनेक प्रती असू शकतात. पुस्तकासाठी दुसऱ्याची मागणी असल्यास मुदत वाढत नाही आणि तसा संदेश परत येतो.' साधन केव्हा वापरावे याइतकेच ते केव्हा वापरू नये हे सांगणे महत्त्वाचे असते, कारण मॉडेलची चूक बहुधा शेजारच्या, सारख्या दिसणाऱ्या दोन साधनांमध्ये निवड करताना होते.

गैरसमज ३: प्राचलांचा साचा काटेकोर असला की चूक होत नाही.

वस्तुस्थिती: साचा, म्हणजे 'जेसन स्कीमा', रकान्यात अक्षरे हवीत की अंक हे सांगतो, पण त्या अक्षरांचा अर्थ सांगत नाही. '०३/०४/२०२५' ही तारीख भारतीय वाचकाला तीन एप्रिल वाटते आणि अमेरिकी वाचकाला चार मार्च. रकाना केवळ मजकुराचा असेल, तर साच्याच्या दृष्टीने दोन्ही वाचने सारखीच बरोबर ठरतात. अँथ्रॉपिकने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, क्लॉड हे मॉडेल वेबशोधाच्या शब्दांना विनाकारण '२०२५' जोडत असे आणि त्यामुळे निकाल एकांगी होत. हा दोष साधनाचे वर्णन सुधारून दूर करण्यात आला. मात्र सर्वच दोष शब्दांनी दुरुस्त करण्याची गरज नसते. फायलीचा सापेक्ष पत्ता देताना मॉडेल चुकत असेल, तर 'काळजी घ्यावी' असे लिहिण्यापेक्षा साधनाने पूर्ण पत्ताच मागावा, म्हणजे चुकीला वावच उरत नाही.

गैरसमज ४: साधने आणि शब्द जितके अधिक, तितका एजंट अधिक समर्थ.

वस्तुस्थिती: मॉडेल मजकूर 'टोकन' नावाच्या तुकड्यांत वाचते, आणि पुढे ठेवलेल्या प्रत्येक साधनाचे वर्णन, ते वापरले जावो न जावो, एका वेळी वाचता येणाऱ्या तुकड्यांच्या मर्यादित जागेतील वाटा घेते. म्हणून निवडीवर किंवा वापरावर परिणाम करणारा तपशील ठेवावा. साधन कोणी बनवले, त्यासाठी कोणती प्रोग्रामिंग भाषा वापरली, ते किती उपयुक्त आहे अशी वाक्ये वगळावीत. नेहमी एकापाठोपाठ एक अशीच वापरली जाणारी तीन साधने जोडून एक करणे हे अनेकदा तिन्हींची वर्णने घासूनपुसून लिहिण्यापेक्षा हिताचे ठरते.

गैरसमज ५: वर्णनात मनाई लिहिली की सुरक्षेची व्यवस्था झाली.

वस्तुस्थिती: वर्णन मार्गदर्शन करते, अडवत नाही. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये 'हे साधन केवळ वाचते' किंवा 'हे साधन नासधूस करू शकते' अशा खुणा जोडता येतात, परंतु त्या सूचनावजा असून अविश्वासू स्रोताकडून आलेल्या खुणांवर विसंबू नये असे ते मानकच बजावते. शिवाय मॉडेल वर्णन वाचते, त्याअर्थी परक्या साधनाच्या वर्णनात दडवलेला दुष्ट आदेशही ते वाचते. या हल्ल्याला 'टूल पॉयझनिंग' असे नाव पडले आहे. नोंद पुसणे किंवा पैसे पाठवणे यांसारख्या कृतींवरील अधिकारांची मर्यादा आणि माणसाची संमती प्रोग्राममध्येच असली पाहिजे.

वर्णन चांगले आहे की नाही हे ते वाचून नव्हे, तर वापरून ठरते, आणि त्यासाठीचे प्रश्न साधनाच्या कर्त्याच्या नव्हे, वापरणाऱ्याच्या भाषेत असावे लागतात. 'ते जाडं पुस्तक अजून आठवडाभर ठेवलं तर चालेल का?' या वाक्यात मुदतवाढ हा शब्द नाही आणि दाखल क्रमांकही नाही. तरीही एजंटने सदस्याच्या खात्यावरून पुस्तक ओळखून, गरज पडल्यास नाव विचारून, योग्य तेच साधन उचलले, तर वर्णनाने आपले काम केले असे समजावे.