खड्याच्या आड दडणारा मूत्राशयाचा कर्करोग

धाराशिव जिल्ह्यातील परांडा आणि भूम हे तालुके, शेजारच्या बार्शीसह, १९८७ मध्ये सुरू झालेल्या देशातील पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत समाविष्ट होते. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन नोंदी घेत आणि रोगाची लक्षणेही समजावून सांगत. मूत्राशयाच्या कर्करोगात असे सांगणे फार मोलाचे, कारण लघवीतून रक्त जाणे हे त्याचे मुख्य लक्षण या पाणीटंचाईच्या भागात मुतखड्याच्या किंवा उन्हाळी लागल्याच्या खाती सहज जमा होते.

मूत्राशयाच्या बहुतेक गाठी त्याच्या अस्तरातील युरोथेलियल पेशींपासून होतात. परंतु वर्षानुवर्षे खडा घासत राहिला, वारंवार जंतुसंसर्ग झाला किंवा मणक्याच्या दुखापतीनंतर लघवीची नळी कायम ठेवावी लागली, तर हे अस्तर त्वचेप्रमाणे चपट्या, म्हणजे स्क्वॅमस, पेशींचे बनू शकते आणि त्यातून क्वचित कर्करोग उद्भवतो. इजिप्तमध्ये शिस्टोसोमा कृमीच्या संसर्गामुळे हाच प्रकार एकेकाळी सर्वाधिक आढळे.

जळजळ, वारंवार लागणारी घाई आणि रक्त ही लक्षणे संसर्गाचीही असल्याने प्रतिजैविकांनी तात्पुरता उतार पडतो, सोनोग्राफीत खडा दिसला की शोध तिथेच थांबतो, आणि निदान होईपर्यंत गाठ बहुधा मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली असते. खडा काढल्यावरही रक्त जात राहिले, किंवा वेदना नसताना एकदाच गेले, तरी दुर्बिणीतून मूत्राशय पाहून संशयित भागाचा तुकडा तपासणे आवश्यक ठरते. रक्त आपोआप थांबले, ही दिलासा मानण्याजोगी गोष्ट नव्हे.

वरवरच्या युरोथेलियल गाठींसाठी मूत्राशयात बीसीजी सोडतात; स्क्वॅमस प्रकारात त्या उपायावर भिस्त ठेवता येत नाही आणि केमोथेरपीचा प्रतिसादही तुलनेने कमी मिळतो. म्हणून रोग पसरलेला नसल्यास मूत्राशय, त्यासोबत पुरुषांत प्रोस्टेट व स्त्रियांत बहुधा गर्भाशय, आणि ओटीपोटातील लसिकाग्रंथी काढणे हा मुख्य उपचार होय. त्यानंतर लहान आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा करून त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात व त्याचे दुसरे टोक पोटावर उघडतात; तिथे चिकटवलेल्या पिशवीत लघवी सतत जमा होते, आणि ती रिकामी करणे, भोवतीची त्वचा कोरडी ठेवणे हे रुग्णाला व घरच्यांना घरी जाण्यापूर्वीच शिकवावे लागते. हा रोग उलटला तर बहुधा ओटीपोटातच आणि पहिल्या दोन वर्षांत उलटतो, त्यामुळे या काळातील सीटी स्कॅन चुकवता येत नाहीत.