दप्तर आहे, वाट नाहीं: घरांतील संग्रहपेटीचा दोषशोध

ऐतिहासिक कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपापल्या रुमालांचीं छायाचित्रें घेऊन ठेविलीं आहेत. तीं सांभाळण्यासाठीं कित्येकांच्या घरीं ‘नॅस’ या नांवानें ओळखली जाणारी एक लहानशी पेटी असते. तिच्या पोटांत एक किंवा दोन हार्ड डिस्क असतात. ती राउटरला तारेनें जोडलेली असते. आणि घरांतील कोणत्याही संगणकावरून तींतील कागद पाहतां येतात. ही सोय जोंवर चालते तोंवर तिचा विचार कोणी करीत नाहीं. एके दिवशीं मात्र संगणक ‘हें स्थान सांपडत नाहीं’ असें सांगतो आणि संग्राहकाचें धाबें दणाणतें. अशा प्रसंगीं काय करावें, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे काय करूं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

येथें कोल्हापुरांत पंचगंगेच्या काठच्या एका पेठेंत राहणाऱ्या माझ्या संग्राहक मित्रांवर गेल्या वर्षीं असाच प्रसंग ओढवला. आपल्या घराण्यांतील मोडी कागदांचीं छायाचित्रें त्यांनीं पूर्वींच घेऊन या पेटींत ठेविलीं होतीं. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें पाणी राजाराम बंधाऱ्यापाशीं ५५ फुटांच्या वर चढलें. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या पुरांत तळमजल्यावरील मूळ कागदांचा लगदा झाला. पेटी माडीवर होती म्हणून वांचली. अर्थात् त्या दप्तराचा एकमेव अवशेष आतां तिच्यांतच होता. गेल्या वर्षीं त्यांनीं नवा लॅपटॉप घेतला आणि त्यावर पेटी उघडेना. दुरुस्तीसाठीं आलेल्या गृहस्थांनीं पेटींतील डिस्क बाहेर काढून यूएसबी तारेनें लॅपटॉपला जोडली. पडद्यावर सूचना आली कीं, ही डिस्क वापरण्यापूर्वीं ‘फॉरमॅट’ केली पाहिजे. गृहस्थ कळ दाबणार तोंच मित्रांनीं त्यांचा हात धरला, म्हणून अनर्थ टळला.

ही सूचना कां आली, तें आधीं सांगितलें पाहिजे. अशा पेट्यांच्या आंत बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली असते आणि डिस्कवरील मजकुराची मांडणी ‘एक्स्ट४’ किंवा तत्सम पद्धतीची असते. ही मांडणी विंडोजला मुळांत वाचतां येत नाहीं. म्हणून ती भरलेल्या डिस्कला कोरी समजते आणि नव्यानें आखून देऊं काय, असें विचारते. मोडी न येणाऱ्यानें मोडी कागद पाहून ‘या नुसत्या रेघोट्या’ म्हणून तो रद्दींत टाकावा, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून पहिला नियम असा कीं, दोष सांपडेपर्यंत फॉरमॅट, इनिशियलाइझ अथवा फॅक्टरी रिसेट या तीन शब्दांस होकार देऊं नये. पेटींत दोन डिस्क असल्यास त्यांची अदलाबदलहि करूं नये.

दुसरी गोष्ट अनुमानाची. ‘संगणकास पेटी दिसत नाहीं’ या हेतूवरून ‘दप्तर नष्ट झालें’ हें साध्य सिद्ध होत नाहीं. दप्तर आणि वाचक यांच्यामध्यें चार-पांच दारें आहेत व त्यांतील कोणतेंहि एक बंद असलें तरी परिणाम एकच दिसतो. कोणतें दार बंद आहे हें ठरविण्यास नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक हाच मार्ग उपयोगी पडतो: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम बदलतो कीं नाहीं, हें पाहावें. पेटीच्या बाजूनें निघून संगणकाकडे यावें, म्हणजे क्रम चुकत नाहीं.

(१) पेटी चालू आहे काय? दिवे, विजेची तार, राउटरकडे जाणारी तार आणि तिच्या टोंकाशीं लुकलुकणारा दिवा पाहावा. आपल्याकडे पावसाळ्यांत वीज वरचेवर जाते-येते. त्या धक्क्यानें पेटीचा अडॅप्टर निकामी होणें हें डिस्क निकामी होण्याहून पुष्कळ अधिक संभवतें. तार व राउटरचें भोंक बदलून पाहावें. डिस्कमधून टक्-टक् असा ठराविक आवाज येत असल्यास मात्र पेटी तत्काळ बंद करावी आणि केवळ मजकूर बाहेर काढणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी. असा आवाज नसेल तर पुढें जावें.

(२) तिचा पत्ता काय? विंडोजमधील ‘नेटवर्क’ या यादींत पेटीचें नांव नाहीं, एवढ्यानें पुष्कळ जण हात टेकतात. पण ती यादी म्हणजे गांवचा खानेसुमारीचा कागद. त्यांत नांव नसलें म्हणजे माणूसच नाहीं असें नव्हे. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी मिळते; तींतून पेटीचा आंकडी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०, घ्यावा. हा पत्ता ब्राउझरमध्यें घालून पेटीचें व्यवस्थेचें पान उघडतें का, तें पाहावें. उघडलें तर पेटी, तार आणि राउटर हीं तिन्ही निर्दोष ठरलीं व दोष पुढच्या दारांत आहे. मग फाइल एक्सप्लोररच्या पट्टींत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्यापुढें तोच पत्ता लिहावा. पेटी उघडली तर दोष केवळ नांवाचा होता. राउटर हे पत्ते मुदतीनें वाटतो आणि वीज गेल्यावर पेटीस निराळा पत्ता मिळूं शकतो. म्हणून राउटरमध्येंच तो पत्ता पेटीच्या नांवें कायमचा राखून ठेवावा.

(३) दोघें एकाच आळींत आहेत काय? लॅपटॉप राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर असेल, तर त्यास घरांतील इतर यंत्रें मुद्दामच दाखविलीं जात नाहींत. तसेंच विंडोजमध्यें घरच्या जोडणीचा प्रकार ‘प्रायव्हेट’ असावा. ‘पब्लिक’ असल्यास संगणक परगांवच्या धर्मशाळेंत उतरल्याप्रमाणें दार लावून बसतो.

(४) दोघांची भाषा एक आहे काय? येथेंच आजकाल बहुतेकांचें अडतें. संगणक व पेटी ज्या ठराविक रीतीनें बोलतात तिला ‘एस्.एम्.बी.’ म्हणतात. १९८३ च्या सुमारास आय्.बी.एम्. कंपनींत बॅरी फायगेनबॉम यांनीं तिची मूळ रचना केली. लिनक्सच्या पेट्यांस ही भाषा येते ती ‘सांबा’ या कार्यक्रमामुळें. त्याचा आरंभ अँड्र्यू ट्रिजेल यांनीं ऑस्ट्रेलियांत केला. या भाषेची दुसरी पिढी विंडोज व्हिस्टाबरोबर २००६ सालीं आली. सांबांत ती २०११ सालीं शिरली. तत्पूर्वींचा सांबा ज्या पेट्यांत आहे त्यांस केवळ पहिली पिढी अवगत आहे. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर कार्यक्रमानें याच पहिल्या पिढीच्या अंमलबजावणींतील छिद्रांतून शिरून जगभर हाहाकार उडविला. इंग्लंडांतील रुग्णालयांचें कामहि त्यामुळें विस्कळीत झालें. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांतील विंडोज १० च्या आवृत्तीपासून पहिली पिढी काढून टाकण्यास प्रारंभ झाला, आणि विंडोज ११ च्या नव्या यंत्रावर ती असत नाहीं. उपरिनिर्दिष्ट ‘नेटवर्क’ची जुनी यादीहि तिच्यावरच अवलंबून होती. शाळांतून मोडी गेली तेव्हां जुने कागद नाहींसे झाले नाहींत, वाचणारे गेले. येथेंहि तेंच झालें आहे.

(५) पेटी ओळख विचारते काय? कित्येक जुन्या पेट्या पाहुणा म्हणून कोणासहि आंत घेत. २०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या ‘२४एच२’ आवृत्तीपासून ‘प्रो’ यंत्रें अशी निनांवी भेट नाकारतात आणि प्रत्येक देवघेवीवर सही मागतात. अशा वेळीं पडद्यावर ‘गेस्ट अ‍ॅक्सेस’ अडविल्याचें वाक्य येतें. त्यावर उपाय संगणकाचा बंदोबस्त सैल करण्याचा नव्हे, तर पेटीच्या पानावर आपल्या नांवाचा वापरकर्ता व पासवर्ड निर्माण करण्याचा होय. पासवर्ड बदलला असल्यास विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्यें जपून ठेवलेला जुना पासवर्ड आधीं खोडावा, नाहींतर संगणक तोच पुन्हां पुन्हां सादर करीत राहतो.

आतां प्रस्तुत प्रसंगाकडे वळूं. डिस्क पुन्हां पेटींत घालून आम्हीं वरील क्रमानें गेलों. दिवे ठीक होते. ब्राउझरमध्यें पेटीचें पान उघडलें. लॅपटॉप घरच्याच जोडणीवर होता. म्हणजे शोध चौथ्या दारापाशीं आला. माझ्याकडे विंडोज ७ चा एक जुना संगणक पडून होता. त्यास नव्या व जुन्या दोन्ही पिढ्यांची भाषा येते. तो त्याच तारेनें जोडतांच सर्व रुमाल, सर्व बंद, ओळीनें पडद्यावर आले. पेटी तीच, तार तीच, राउटर तोच. बदलला तो केवळ वाचक. दोष भाषेचा होता, हें त्यावरून सिद्ध झालें.

अशा वेळीं उत्तम उपाय म्हणजे पेटीच्या उत्पादकानें दिलेली नवी फर्मवेअर बसवून दुसरी वा तिसरी पिढी चालू करणें. पण तीहि छायाचित्रांची प्रत काढून झाल्यावरच बसवावी. या पेटीसाठीं तशी फर्मवेअर उपलब्ध नव्हती. नव्या लॅपटॉपवर ‘विंडोज फीचर्स’मधून पहिली पिढी तात्पुरती चालू करतां येते, परंतु ती कायम ठेवणें म्हणजे पुराच्या दिवसांत नदीकडचें दार उघडें टाकून निजण्यासारखें आहे. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सामान्य ग्राहकांसाठीं सुरक्षेचीं डागडुजी मिळत नाहीं, म्हणून आम्हीं राउटरची बाहेरून येणारी तार काढून ठेविली आणि मगच सर्व छायाचित्रें दोन नव्या डिस्कांवर उतरवून घेतलीं.

प्रत काढली म्हणजे काम संपलें असें समजूं नये. नकल मुळाशीं ताडून पाहिल्यावांचून ती ग्राह्य धरूं नये, हा आपला जुना दंडक येथेंहि लागू आहे. प्रत्येक फाइलीपासून ‘चेकसम’ नांवाची एक आंकडी-अक्षरी खूण काढतां येते. फाइलींत एका अक्षराचा फरक पडला तरी ती बदलते. विंडोजमध्यें ‘सर्टयुटिल’ या साधनानें ती निघते. मूळ व नकल यांच्या खुणा आम्हीं ओळीनें लावल्या. त्या सर्व जुळल्या तेव्हां रुजुवात पुरी झाली.

एक प्रश्न उरतो. पेटींत दोन डिस्क असल्या व दोहोंवर एकच मजकूर असला, तर त्या दोन प्रती नव्हेत काय? नव्हेत. एक डिस्क झिजून मेली तर दुसरी उपयोगी पडेल हें खरें. पण पूर, चोरी, विजेचा लोळ आणि चुकून दाबलेली कळ हीं दोहोंस एकाच वेळीं गांठतात. २०१९ नंतर २०२१ च्या जुलैंतहि कोल्हापुरास महापुरानें वेढलें. म्हणून मित्रांची एक डिस्क त्यांच्या माडीवर राहिली, दुसरी नदीपासून दूर उंचावरील नातलगांच्या घरीं गेली, आणि दोहोंची वर्षांतून एकदां दसऱ्यास तपासणी करावी असें ठरलें. जुनी पेटी त्यांनीं मोडींत काढली नाहीं. ती तारेविना कपाटांत आहे.

संग्राहकांनीं आपल्या संग्रहाच्या सूचींत यापुढें आणखी तीन रकाने घालावे, अशी माझी नम्र सूचना आहे: मजकूर कोणत्या यंत्रावर आहे, तें यंत्र कोणत्या पिढीची भाषा बोलतें, आणि दुसरी प्रत कोणाच्या घरीं आहे. कागदास वाळवी लागते ती डोळ्यांस दिसते. वाचक नाहींसा होतो तो कोणास दिसत नाहीं. सूचींत तें लिहून ठेवणें आपल्या हातीं आहे. इत्यलम्.