बर्फातल्या ट्रेकला निघण्यापूर्वी

नाताळ ते उत्तरायण या दिवसांत वाघोडिया-वडोदरा परिसरातील आपली तरुण मंडळी आता केदारकंठा, ब्रह्मताल अशा बर्फातल्या ट्रेकला जाऊ लागली आहेत. पावागड आणि सह्याद्री चढलेल्यांना चढण नवी नसते. बर्फ मात्र नवा असतो. म्हणून हिमस्खलनाची माहिती आधीच करून घेतलेली बरी.

डोंगरावर प्रत्येक हिमवर्षावाचा वेगळा थर बसतो. कडाक्याच्या थंडीत खालच्या थराचे कण कधी कधी जाड्या साखरेसारखे सुटे होतात. त्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसला की वरून सारे भक्कम दिसते, पण आतला आधार गेलेला असतो. मग एका माणसाचे वजनही तो थर सुटायला पुरते. ट्रेकर आणि स्कीइंग करणारे सापडतात, त्या बहुतेक घटनांत स्खलन त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेले असते.

३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर असा उतार असू शकतो. जोरदार हिमवर्षावानंतरचे एक-दोन दिवस विशेष जपावे. नेमके तेव्हाच आकाश निळे होते आणि पुढे जाण्याचा मोह होतो. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज येणे, बर्फाला तडे जाणे, शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसणे, या खुणा दिसताच मागे फिरावे.

अनुभव असला म्हणजे धोका टळतो असे नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-२ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रगत प्रशिक्षणाची तुकडी हिमस्खलनात सापडली. पंचवीसहून अधिक जण गेले; त्यांत प्रशिक्षकही होते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनला लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत सापडले, पण पुढे रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या दुर्घटनेत साताऱ्याचे सुनील सूर्यवंशी यांच्यासह दहा जवान आपण गमावले. इतके दिवस तग धरणे हा विरळा अपवाद. गाडला गेलेला माणूस बहुधा गुदमरून जातो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचत नाही, सोबतीच वाचवू शकतात.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना विचारा: डीआरडीओच्या चंदीगड येथील संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे तुम्ही पाहता का? धोक्याच्या उतारावर एकेकाला सोडता का? अशा वाटेवर प्रत्येकाकडे बीकन, शोधकाठी आणि फावडे असते का, आणि ते वापरायला शिकवता का? हवामान बिघडल्यास कोणाच्या शब्दावर परत फिरायचे?

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी शिखर न गाठता परतली, तर ‘एवढे पैसे वाया गेले’ असे म्हणू नका. पुढच्या वेळी मागे फिरताना तेच बोलणे त्यांना आठवेल.